तिसऱ्या सर्व्हरचं उत्तर

ही घटना खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो माणूस आज गडचांदूरला राहतो, नोकरी करतो, बाजारात भेटला तर हसून बोलतो. त्याने एकच अट घातली होती. गावाचं नाव लिहायचं नाही. म्हणून इथे त्या गावाला नुसतं टोला, म्हणजे छोटी वस्ती, म्हटलं आहे.

भुताच्या गोष्टी लोक रात्रीच्या सांगतात. ही सकाळची आहे.

मंगळवार, ४ एप्रिल २०२३. पहाटेचे पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटं. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधलं जंगल, आणि त्यात टोल्यापासून हाकेच्या अंतरावर असलेलं एक मोहाचं झाड.

त्या वेळी हा माणूस, मुबीन, चंद्रपुरात होता, आपल्या घरच्या गच्चीवर. रमजान चालू होता. पहाटेची सहेरी खाऊन झाली होती, नमाज झाली होती, आणि तो गार वाऱ्यात आडवा पडला होता. फोन उशाशी होता.

फोन वाजला नाही.

वाजायला हवा होता…

मुबीन एका ठेकेदार कंपनीत नेटवर्कचं काम बघायचा. जंगलाला लागून असलेल्या गावांभोवती खांबांवर कॅमेरे लावलेले होते. समोरून काही हललं की कॅमेरा फोटो काढायचा, आणि तो फोटो चंद्रपूरच्या ऑफिसात यायचा. तिथे तीन सर्व्हर होते. फोटोत काय आहे ते ओळखायचं, एवढंच त्यांचं काम. डुक्कर, चितळ, माणूस, वाघ. वाघ दिसला की त्याच क्षणी गावातला भोंगा वाजायचा आणि गावकऱ्यांच्या फोनवर कॉल जायचा. मुबीनच्या फोनवरही.

तीन सर्व्हरच्या पुढे एक लोड बॅलन्सर होता. ऑफिसातली पोरं त्याला 'वाटप्या' म्हणायची. आलेले फोटो तो तिघांत वाटून द्यायचा. पण कोणता सर्व्हर धड आहे आणि कोणता बंद पडलाय, हे त्याला कळणार कसं? त्यासाठी हेल्थ मॉनिटर. दर दहा सेकंदांनी तो प्रत्येक सर्व्हरला विचारतो, जिवंत आहेस का? उत्तर आलं तर ठीक. नाही आलं, तर त्याच्याकडे फोटो जात नाही.

प्रत्येक गावासाठी असा हेल्थ मॉनिटर लावणं मुबीनचं काम. आधी चार गावं होती तेव्हा तो हातानं करायचा. गावं एकतीस झाली, तेव्हा त्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली. एक बटण दाबायचं, सगळीकडे एकदम लागू.

विचारायच्या दोन पद्धती होत्या. एक सोपी, मशीन चालू आहे का, एवढंच विचारायचं. दुसरी खरी. वाघाचा एक जुना फोटो पाठवायचा आणि विचारायचं, काय दिसतं? 'वाघ' असं उत्तर आलं, तरच तो सर्व्हर कामाचा.

मुबीनने दुसरीच लावली होती. पण तिसरा सर्व्हर उत्तर उशिरा द्यायचा. स्क्रीनवर सारखं लाल व्हायचं. आणि २४ मार्चला, शुक्रवारी, वरचे साहेब पाहणीला येणार होते.

"मुबीन, स्क्रीनवर लाल दिसायला नको," त्याचे बॉस अजय सर म्हणाले. "काहीही कर."

गुरुवारी संध्याकाळी त्याने स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. खऱ्या पद्धतीच्या जागी सोपी. बटण दाबलं.

एकतीस गावं हिरवीगार.

शुक्रवार झाला की परत बदलू, असं त्याने ठरवलं होतं. शुक्रवार गेला. शनिवार गेला. रोजे, ऊन, इफ्तारची घाई. त्याच्या डोक्यातून ते निघूनच गेलं.

४ एप्रिलला सकाळी आठ वाजता दीपिकाचा फोन आला. दीपिका त्या भागातली वनरक्षक. पोरगी धाडसी होती, कधी आवाज चढवायची नाही. त्या दिवशी ती रडत होती.

"सर… भोंगा काऊन नाई वाजला?"

"काय झालं?"

"सोमारीबाई गेल्या. पत्रूभाऊची बायको. मोह वेचाले गेलत्या एकट्याच. वाघानं…"

मुबीन ऑफिसात पोचला तेव्हा कोणी आलं नव्हतं. त्याने नोंदी उघडल्या.

पाच सत्तेचाळीसला मोहाजवळच्या कॅमेऱ्यातून एक फोटो आला होता. एकच. वाटप्याने तो तिसऱ्या सर्व्हरकडे दिला होता. आणि तिसरा सर्व्हर पाच वीसलाच अडकलेला होता. मशीन चालू, पण फोटो ओळखणारा प्रोग्रॅम मेलेला. दर दहा सेकंदांनी हेल्थ मॉनिटर विचारत होता, जिवंत आहेस का? आणि ते मेलेलं मशीन सांगत होतं, आहे. आहे. आहे.

फोटो अजून तिथेच पडून होता, कोणी न पाहिलेला.

तिसरा सर्व्हर बंद करून चालू केला की तो फोटो पुसला जाणार, हे मुबीनला ठाऊक होतं. फोटो उघडून बघायची त्याची छाती झाली नाही. त्याने सर्व्हर बंद केला. चालू केला. मग स्क्रिप्टमधली ओळ परत पहिल्यासारखी केली आणि बटण दाबलं.

हे सगळं करायला त्याला चार मिनिटं लागली.

दुपारी अहवाल लिहिला. 'प्राणी कॅमेऱ्याच्या टप्प्यात आला नाही. सदर महिला सुरक्षित क्षेत्राबाहेर गेली असावी.' खाली सही केली. रोजा असताना सही केली, हे तो आजही सांगताना मान खाली घालतो.

संध्याकाळी नाहीदने, त्याच्या बायकोने, खजूर पुढे केला. त्याने हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"काऊन हो? तब्येत बरी नाई का?"

"ऊन लागलं," तो म्हणाला.

दोन दिवस काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तो नोंदी चाळत होता. वाघाचा जुना फोटो दर दहा सेकंदांनी तिन्ही सर्व्हरना जात होता. फोटो एकच. उत्तर एकच यायला हवं. वाघ, वाघ, वाघ.

पाच सत्तेचाळीसला तिसऱ्या सर्व्हरचं उत्तर वेगळं होतं…

'माणूस – १.'

पाच मिनिटं हेच. मग पुन्हा वाघ, वाघ, वाघ.

चुकलं असेल, असं त्याला वाटलं. ओळखण्यात चुका होतात. पण शनिवारी तेच झालं. रविवारी तेच. बरोबर पाच सत्तेचाळीसला सुरू, पाच बावन्नला बंद.

त्याने स्क्रिप्टमध्ये आणखी एक ओळ घातली. तिसऱ्या सर्व्हरला त्या वेळी जो फोटो दिसतो, तो जपून ठेवायचा. सोमवारी भर दुपारी, ऑफिसात कूलर घरघरत असताना, चार माणसं आजूबाजूला बसलेली असताना, त्याने तो फोटो उघडला.

वाघ नव्हता.

मोहाचं झाड होतं. खाली पिवळसर फुलांचा सडा. आणि मधोमध… एक टोपली.

माणूस कुठेच नव्हता.

खाली मात्र लिहिलेलं होतं, 'माणूस – १.'

त्याने पाठवलेली मूळ फाईल तपासली. त्यात वाघच होता. तिळभर फरक नाही.

मंगळवारी परत फोटो बघितला. टोपली होतीच. पण आज टोपलीत तळाला फुलं होती, आणि तिच्याभोवतीची जमीन हातभर साफ झाली होती.

बुधवारी टोपली पाव भरली होती.

गुरुवारी अर्धी.

कोणीतरी वेचत होतं…

मुबीनने हे कोणालाच सांगितलं नाही. सांगायचं तर मग सगळंच सांगावं लागलं असतं. त्याने अजय सरांना एवढंच म्हटलं, "तिसरा सर्व्हर खराब झालाय, काढून टाकतो." त्याने स्क्रिप्टमधून त्याचं नाव काढलं, त्याच्या वायरी उपसल्या, मशीन उचलून कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदीत दोनच सर्व्हरची उत्तरं होती. वाघ, वाघ. वाघ, वाघ.

पाच सत्तेचाळीसला तिसरी ओळ उमटली होती…

'माणूस – १.'

मुबीन उठला. कपाट उघडून बघितलं. मशीन तसंच होतं. हात लावला तर थंड.

ईद आली, गेली. नवे कपडे घालून त्याने सगळ्यांची गळाभेट घेतली, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटलं, ह्या माणसाला माहीत असतं तर त्याने मला जवळ घेतलं असतं का?

ईदच्या दुसऱ्या दिवशी दीपिकाचा फोन आला.

"सर, एक विचाराचं होतं. गावातल्या लोकांले कॉल जाते ना आपला, वाघाचा… तो रोज सकाळी जाऊन राह्यला का?"

"नाही. काऊन?"

"पत्रूभाऊकडे सोमारीबाईचा फोन आहे. त्यावर रोज कॉल येते म्हन्ते. आपल्याच नंबरवरून. पावणेसहाच्या टायमाले. कोनी बोलत नाई म्हन्ते. नुसता आवाज येते."

"कसला आवाज?"

"तुमी येऊनच पाहा ना सर."

मुबीनने नोंदी तपासल्या. त्या नंबरवर ४ एप्रिलनंतर एकही कॉल गेलेला नव्हता.

सोमवारी तो टोल्याला गेला. मुक्काम दीपिकाच्या चौकीवर केला. मंगळवारी पहाटे दोघं पत्रूभाऊच्या अंगणात पोचले, तेव्हा तो आधीच उठून बसला होता. पन्नाशीचा, सुकलेला माणूस. पुढ्यात चहाचा कप, मांडीवर बायकोचा साधा बटणांचा फोन.

"बसा साहेब," तो म्हणाला. "येईल आता."

पाच सत्तेचाळीसला फोन वाजला. पत्रूभाऊने थोडा वेळ स्वतः ऐकला. मग मुबीनच्या हातात दिला.

आधी काहीच नाही. नुसती मोकळ्या जागेची शांतता, जशी रानात असते.

मग…

टप.

मुबीनने फोन कानाला घट्ट लावला.

टप.

मोहाची फुलं पडताना होतो, तसा आवाज. ओलसर, जड. पण एप्रिल संपत आला होता. झाडांवर फूल उरलं नव्हतं.

टप.

दोन आवाजांच्या मध्ये किती वेळ जातो, हे तो नकळत मोजू लागला.

दहा सेकंद.

बरोबर दहा. त्याने स्वतः लिहिलेले दहा. जिवंत आहेस का, हे विचारायला दिलेले दहा.

पाच बावन्नला फोन आपोआप बंद झाला.

"ते मोह वेचून राह्यली," पत्रूभाऊ शांतपणे म्हणाला. "लोक म्हन्तेत, तिलेच अक्कल नोती. हद्दीच्या बाहेर गेलती. पन साहेब, तिनं कधी हद्द सोडली नाई. ते झाड कॅमेऱ्याच्या नाकासमोर आहे. मी दहादा जाऊन पाह्यलं. मंग भोंगा काऊन नाई वाजला, मले समजत नाई."

मुबीन म्हणतो, त्या वेळी तो उठून जाऊ शकला असता. दीपिकाची गाडी दारातच होती.

त्याने सांगितलं. ओळ बदलली, विसरलो, ती गेली, मग मी फोटो पुसला, आणि अहवालात तिच्यावर ढकललं. सगळं. मान वर न करता.

दीपिका एकटक मुबीनकडे बघत होती. तिची ती नजर तो विसरलेला नाही.

"मले कायले सांगता?" पत्रूभाऊ म्हणाला. "मले तं माहीतच होतं, ते चुकली नाई म्हनून. गावाले सांगा."

तासाभरात शाळेसमोरच्या कडुलिंबाखाली चाळीसएक माणसं जमली. मुबीन उभा राहिला.

"त्या दिवशी भोंगा वाजला नाही, कारण… मशीनकडून चूक झाली," तो म्हणाला.

सीताबाई, सोमारीची जाऊ, पुढे बसली होती. तिने विचारलं, "मशीन कोन चालवते?"

मुबीनने शाळेच्या भिंतीकडे बघितलं.

"कोन चालवते? सांग ना."

"मी."

"फेब्रुवारीत इथीच उभा राहून तूच सांगतलं होतं. भोंगा वाजला नाई तं बिनधास्त जा. सांगतलं होतं का नाई?"

"हो."

"त्याच्या आधी आमी सात-आठ जनी मिळून जात होतो. डबे वाजवत जात होतो. तुयावर भरोसा ठेवून एकट्या जाऊ लागलो." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो. "चूक सोमारीची होती का?"

"नाही. माझी होती."

कोणी हात उगारला नाही, कोणी शिवी दिली नाही. एकेक माणूस उठून कामाला निघून गेला. मुबीन झाडाखाली एकटाच उभा राहिला.

चंद्रपूरला येऊन त्याने खरा अहवाल लिहून दिला. अजय सरांनी तो वाचला, टेबलाच्या खणात टाकला आणि त्याला म्हणाले, "महिनाभरात दुसरं काम बघ."

त्या रात्री त्याने नाहीदलाही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्याला वाटलं होतं, आता तरी हे थांबेल. पण गुरुवारपर्यंत ती ओळ उमटतच राहिली.

शुक्रवार, २८ एप्रिल. सकाळ. तो ऑफिसातच होता. आजकाल त्याला घरी झोप लागत नव्हती. स्क्रीनसमोर बसून तो घड्याळाकडे बघत होता.

पाच सत्तेचाळीस झाले…

काहीच उमटलं नाही. वाघ, वाघ. दोनच ओळी.

त्याला हायसं वाटलं. डोळे भरून आले.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पत्रूभाऊ.

"साहेब, आज फोन नाई आला."

"बरं झालं ना भाऊ."

"काय बरं झालं?" पत्रूभाऊचा आवाज कापत होता. "रोज येत होता. तुमी बंद केला का?"

"नाही भाऊ. मी काहीच नाही केलं."

"तुमी सांगून मोकळे झाले, अन् तिचा फोन बंद पडला. तेवढंच तं होतं मायाजवळ."

मुबीनला फोनमध्ये पाखरांचा आवाज येत होता. पानं वाजत होती.

"भाऊ, तुमी कुठी आहा?"

"मोहाखाली. म्हनलं, फोन नाई आला तं आपनच जाऊन पाहू."

मुबीन ताडकन उठला. "घरी जा भाऊ! आत्ताच्या आत्ता! एकटे कायले गेले तिकडे?"

"वाघ आहे का?"

त्याने स्क्रीनकडे बघितलं. मोहाजवळच्या कॅमेऱ्यातून नुकताच फोटो आला होता. पहिल्या सर्व्हरने तो ओळखलाही होता. 'माणूस – १.' पत्रूभाऊ. वाघाची खूण कुठेच नव्हती.

"नाही. वाघ नाही," तो म्हणाला.

आणि तेव्हाच त्या ओळीखाली आणखी एक ओळ उमटली…

तिसऱ्या सर्व्हरची.

'माणूस – २.'

मुबीनने वळून बघितलं. मागे कपाटाला कुलूप होतं. किल्ली त्याच्या खिशात होती.

"पत्रूभाऊ… तुमच्यासोबत कोणी आहे का?"

पलीकडची पाखरं थांबली होती.

"नाई," पत्रूभाऊ म्हणाला. "एकटाच आहो. काऊन विचारता?"

स्क्रीनवर फोटो आलेला होता. उघडायचा बाकी. एक बटण दाबलं असतं तर दिसलं असतं.

ज्या माणसाची बायको आपल्या चुकीने गेली, तो माणूस फोनवर वाट बघत होता. त्याला सांगायचं? की त्याच्या बाजूला उभं आहे कोणीतरी? आणि ती नसेल तर? दुसरंच कोणी असेल तर?

"काही नाही भाऊ," मुबीन म्हणाला. "असंच विचारलं. घरी जा तुम्ही."

पत्रूभाऊ घरी पोचला. धडधाकट आहे. त्याला नंतर कधी फोन आला नाही. तिसऱ्या सर्व्हरची ओळही पुन्हा उमटली नाही.

मुबीनने जूनमध्ये चंद्रपूर सोडलं. नाहीद सोबत आहे, पण त्या विषयावर दोघं बोलत नाहीत. तो फोटो त्याने पुसलेला नाही आणि उघडलेलाही नाही. त्याबद्दल त्याने फक्त दीपिकाला सांगितलं आहे. ती मधूनमधून विचारते, "सर, पाहा ना एकदा, पत्रूभाऊले सांगता तरी येईल."

दर वेळी तो तिला म्हणतो, फाईल खराब आहे, उघडत नाही.